वह्या नंतर बघू

सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीला पूर आला आणि काठावरची गावं पाण्यात गेली. त्या आठवड्यात आमच्याकडच्या एका मंगल कार्यालयात मदतीची किट भरायचं काम चाललं होतं. गहू, तांदूळ, तूरडाळ, तेलाची पिशवी, मीठ, काडेपेटी, मेणबत्त्या, साबण, एक चादर. कुणीतरी वह्या आणि पेन्सिलींचे चार खोकेही आणून दिले होते. किट भरणाऱ्यांतल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी ते बाजूला सारले. "वह्या नंतर बघू, आधी किराणा जाऊ द्या." कुणी काही बोललं नाही. मीही बोललो नाही, कारण त्या क्षणी मलाही ते पटलं होतं. टेम्पो निघाला, खोके स्टेजखाली राहिले.

दोन दिवसांनी किट वाटायला एका वाडीत गेलो. बायामाणसं घरातला गाळ खोऱ्याने ओढून बाहेर काढत होती. एका घरापुढे बाजेवर पुस्तकं वाळत घातली होती आणि दहा-अकरा वर्षांची एक मुलगी त्यांच्यापाशी बसली होती. ओली पानं एकमेकांना चिकटू नयेत म्हणून तिने खराट्याच्या काड्या मोडून पानापानांत घातल्या होत्या. पान सुकलं की काडी पुढच्या पानात. हे काम तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. तिची आई किराण्याच्या रांगेत उभी राहिली, पोरगी जागची हलली नाही. आम्ही जवळ गेलो तेव्हा तिने एकच विचारलं, "शाळा कधी भरणार ओ?" त्या शाळेच्या दोन खोल्यांत तेव्हा गावातली कुटुंबं राहत होती.

तेव्हापासून हा वाद माझ्या डोक्यातून गेलेला नाही. आणि तो काही आमच्या मंगल कार्यालयापुरता नाही. सुदानमधल्या युद्धापासून बांगलादेशातल्या रोहिंग्या छावण्यांपर्यंत मदतीचा पैसा आटू लागला की हेच वाक्य मोठ्या माणसांच्या तोंडी येतं: आधी जीव वाचवू, शिक्षणाचं नंतर बघू. जगभरच्या आपत्कालीन मदतीत शिक्षणाचा वाटा जेमतेम तीन-चार टक्के असतो, तो याच समजुतीमुळे. दुसऱ्या बाजूने जे उत्तर दिलं जातं तेही मला तोकडं वाटतं. शिक्षणाचं महत्त्व सांगणारी सुविचारवजा वाक्यं ऐकवली जातात. भुकेल्या माणसाला ती ऐकवण्यात काय अर्थ? वाद असा चालला की किराण्याची बाजू कायम जिंकते, आणि जिंकायलाच हवी असं ऐकणाऱ्यालाही वाटतं.

माझं म्हणणं सरळ आहे. संकटात शाळा ही अन्न, पाणी आणि निवारा यांच्यानंतरची पायरी नाही. ती त्या तिघांच्या जोडीने, पहिल्या आठवड्यातच उभी राहिली पाहिजे, कारण मुलांच्या बाबतीत उरलेल्या तिन्ही गोष्टी नीट पोचवण्याची सगळ्यात भरवशाची जागा शाळाच आहे.

समोरच्या बाजूचा सगळ्यात बळकट मुद्दा आधी मान्य करतो. उपाशी मूल शिकत नाही. 'आधी पोटोबा मग विठोबा' ही म्हण अनुभवातून आलेली आहे. मदतीचा पैसा मोजका असतो. एका पोत्या गव्हाने कुटुंबाचा महिना निघतो, शंभर वह्यांनी निघत नाही. जिथे पोरं कुपोषणाने मरत आहेत तिथे फळा विकत घेणाऱ्याने स्वतःला दहादा विचारलंच पाहिजे. हे सगळं खरं आहे. पण या युक्तिवादात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: पोट आणि पाटी या दोन वेगळ्या रांगा आहेत आणि माणसाने एकाच रांगेत उभं राहायचं आहे. हे गृहीत आपल्याच देशात खोटं ठरलेलं आहे. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सरकारी आणि अनुदानित प्राथमिक शाळांत शिजवलेलं अन्न द्यायचा आदेश दिला, तो अन्नाच्या हक्काच्या खटल्यात. शिक्षणाच्या खटल्यात नव्हे. देशातली राजस्थानसारखी राज्यं दुष्काळाने होरपळत असताना धान्याची सरकारी कोठारं भरलेली होती, त्यातून ती याचिका उभी राहिली होती. न्यायालयापुढे प्रश्न होता की अन्न मुलांपर्यंत पोचवायचं कुठे, आणि उत्तर निघालं शाळेत. एप्रिल २००४ मध्ये तर न्यायालयाने पुढचं पाऊल टाकलं: दुष्काळग्रस्त भागांत उन्हाळ्याच्या सुट्टीतही शाळेतलं जेवण चालू ठेवा. म्हणजे शिकवणं बंद असतानाही शाळेची इमारत, हजेरीपट आणि खिचडीचं पातेलं हीच दुष्काळातल्या मदतीची साधनं ठरली. रेशनच्या रांगेत धान्य कुटुंबाला मिळतं आणि घरात त्याची वाटणी मोठी माणसं करतात. शाळेतल्या पंगतीत ते थेट मुलाच्या ताटात पडतं, मुलीच्याही ताटात पडतं. मग शाळा हा किराण्याचा प्रतिस्पर्धी कसा?

हे तर त्याच्याही आधीपासून आपल्याला माहीत होतं. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि अनाथ, निराधार मुली-बायकांना घेऊन आल्या. हाडांचे सापळे झालेल्या त्या मुली होत्या. केडगावच्या जागेवर झोपड्या उभ्या राहत असतानाच तिथे लिहिणं-वाचणं आणि हातांना काम देणं सुरू झालं. मुली धष्टपुष्ट होईपर्यंत थांबू, असं रमाबाईंना वाटलं नाही.

"नंतर" या शब्दाकडे जरा नीट पाहिलं पाहिजे, कारण सगळा घोटाळा त्यातच आहे. पूर आठवड्याभरात ओसरतो, म्हणून आपल्या मनात संकटाचं चित्रही आठवड्याभराचं असतं. पण युद्ध आणि परागंदा होणं यांचं पाणी असं ओसरत नाही. केनियातली दादाब छावणी सोमालियातल्या यादवीतून पळालेल्यांसाठी १९९१ मध्ये तात्पुरती म्हणून सुरू झाली. तिथे जन्मलेल्या मुलांची मुलं आज तिथेच आहेत. ऑगस्ट २०१७ नंतर सात लाखांहून अधिक रोहिंग्या म्यानमारमधून पळून बांगलादेशातल्या कॉक्स बझारला आले. तेव्हा सहा वर्षांचं असलेलं मूल आता मिसरूड फुटलेला मुलगा झालंय. मोठ्या माणसाचं आयुष्य आठ वर्षं थांबवून ठेवता येतं. सहा वर्षांच्या मुलाची आठ वर्षं थांबली तर मागे काय राहतं? दहाव्या वर्षी अक्षरओळख नसलेल्या मुलाला पंधराव्या वर्षी दुसरीच्या वर्गात बसवून पाहा. लाजेनेच तो तिसऱ्या दिवशी येत नाही. मुलांच्या बाबतीत "नंतर"चा अर्थ बहुतेक वेळा "कधीच नाही" असा होतो, आणि तो निर्णय आपण कुणालाही न विचारता त्यांच्या वतीने घेऊन टाकतो.

याच्या उलट घडलेलंही आहे. १९४८ मध्ये सुमारे सात लाख पॅलेस्टिनी बेघर झाले. त्यांच्यासाठी संयुक्त राष्ट्रांनी काढलेल्या संस्थेने १९५० पासून तंबूंत शाळा भरवल्या आणि पुढे तिच्या नियमित खर्चातला निम्म्याहून अधिक भाग शिक्षणावरच जाऊ लागला. ज्यांना देश नव्हता, जमीन नव्हती, अशा त्या लोकांतून आखाती देशांना शिक्षक, डॉक्टर आणि इंजिनिअर मिळाले. निर्वासित असूनही त्यांचं साक्षरतेचं प्रमाण त्या प्रदेशातल्या कितीतरी स्वतंत्र देशांपेक्षा वरचं राहिलं. ऑक्टोबर २०२३ नंतर गाझातल्या सहा लाखांहून अधिक मुलांची नेहमीची शाळा बंद पडली, आणि तरी तंबूत, पडक्या भिंतीच्या सावलीत तिथल्या शिक्षकांनी वर्ग भरवले. त्यांना पोटाचं महत्त्व कळत नव्हतं असं कोण म्हणेल?

आता एक गोष्ट आपल्या कोल्हापूरची. पंचगंगेच्या खोऱ्यातल्या वळिवडे गावाजवळ १९४३ ते १९४८ या काळात पोलंडमधून आलेल्या निर्वासितांची मोठी वसाहत होती. सुमारे पाच हजार माणसं, त्यांत बहुतेक बायका आणि मुलं. सोव्हिएत रशियाने त्यांना घरांतून उचलून सैबेरियाकडे नेलं होतं. तिथून सुटका झाल्यावर इराणमार्गे ती इथे पोचली होती. भुकेने आणि टायफसने त्यांच्यातली कित्येक माणसं वाटेत गेली होती. बाहेर महायुद्ध चालू होतं, त्याच वर्षी बंगालमध्ये माणसं अन्नाविना मरत होती. म्हणजे "आत्ता ही वेळ नाही" असं म्हणायला सगळी कारणं हाताशी होती. तरीही त्या बराकींमध्ये बालवाडीपासून माध्यमिकपर्यंत शाळा भरल्या, पोलिश भाषेत. शिकवणारे बहुतांशी त्यांच्यातलेच होते. स्काऊटची पथकं होती, नाटकं बसत होती. आपण परत कधी जाणार, कुठे जाणार, यातलं काहीही तेव्हा ठरलेलं नव्हतं. पुढे त्यांतले बरेच जण पोलंडला गेलेच नाहीत, ब्रिटन-ऑस्ट्रेलियाकडे पांगले, पण जिथे गेले तिथे शिकलेली माणसं म्हणून गेले. म्हातारपणी ही मंडळी कोल्हापूरला येत राहिली आणि आपलं बालपण इथलं असं सांगत राहिली. पुढे त्याच जागेवर फाळणीतून आलेल्या सिंधी कुटुंबांना आसरा मिळाला आणि तिथे गांधीनगर वसलं. एकाच माळाने दोन देशांची बेघर माणसं सांभाळली, हे कोल्हापूरकरांनी जरा जास्त वेळा सांगायला हवं.

वळिवड्याच्या शेजारी आता कॉक्स बझार ठेवून बघू. दुसरा आक्षेप तिथेच येतो: छावणीत धड शाळा उघडली तर निर्वासित कायमचे बसतील, ही यजमान देशाची भीती. ती खोटी नाही. बांगलादेश श्रीमंत देश नाही, दाटीवाटीचा आहे, आणि त्याने दहा लाख माणसं पदरात घेतली. हे ओझं ज्यांनी उचललं नाही त्यांनी त्याला नैतिकतेचे धडे देऊ नयेत. पण या भीतीपोटी केलं काय? कित्येक वर्षं रोहिंग्या मुलांना बंगाली अभ्यासक्रम शिकायला बंदी होती आणि म्यानमारचा अभ्यासक्रम मिळत नव्हता. बांबूच्या शिक्षणकेंद्रांत थोडं वाचन, थोडं गणित, पण कुठल्याही देशात चालेल असा दाखला नाही. २०१९ मध्ये तर आसपासच्या बांगलादेशी शाळांत गुपचूप शिकणाऱ्या रोहिंग्या मुलांना शोधून काढून टाकलं गेलं. २०२१ च्या शेवटी म्यानमारचा अभ्यासक्रम प्रायोगिक पातळीवर सुरू झाला, १०,००० मुलांपासून. आणि २०२५ मध्ये परदेशी निधी आटला तेव्हा अनेक केंद्रांना कुलूप लागलं. शाळा नसल्याने कुणी परत गेलं का? नाही. माणसं घराच्या ओढीने परत जातात आणि जिवाच्या भीतीने थांबतात. पाटी काढून घेतल्याने त्यांचा पाय उचलला जात नाही. मुलं मात्र छावणीतल्या टोळ्यांच्या, दलालांच्या आणि लहान वयातल्या लग्नांच्या हाती जातात. परत पाठवायचंच असेल तर आपल्या देशाची भाषा आणि अभ्यासक्रम शिकलेलं मूल परत जायला जास्त तयार असतं. वळिवड्याच्या पोलिश शाळा नेमकं हेच करत होत्या.

शाळा धोक्याची जागा असते, हा आक्षेप मला सगळ्यात जड जातो, कारण त्यामागे मेलेली आणि पळवलेली मुलं उभी आहेत. १४ एप्रिल २०१४ च्या रात्री नायजेरियातल्या चिबोक गावच्या शाळेतून बोको हराम या दहशतवादी संघटनेने २७६ मुली उचलून नेल्या. त्याच वर्षी १६ डिसेंबरला पाकिस्तानात पेशावरच्या शाळेत अतिरेक्यांनी मुलांना वर्गात घुसून मारलं. अशा ठिकाणी आईबापाने मूल घरी ठेवलं तर त्यांना बोल लावायचा अधिकार मला नाही. पण शाळा बंद झाल्यावर मूल सुरक्षित होतं का, हा प्रश्न उरतोच. त्याचं उत्तर सिएरा लिओनने फार मोठी किंमत देऊन दिलं आहे. २०१४ मध्ये इबोलाच्या साथीत तिथल्या शाळा बंद झाल्या आणि एप्रिल २०१५ पर्यंत बंद राहिल्या. बंद करण्याचं कारण रास्त होतं. रेडिओवरून धडेही दिले गेले. पण त्या महिन्यांत कोवळ्या वयाच्या कितीतरी मुली गरोदर राहिल्या. कुणी जबरदस्तीने, कुणी दोन घास मिळावेत म्हणून. आणि शाळा उघडल्या तेव्हा सरकारने गरोदर मुलींना वर्गात बसायला मनाई केली. पश्चिम आफ्रिकेच्या प्रादेशिक न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये ती मनाई बेकायदा ठरवली, मार्च २०२० मध्ये ती उठली. पाच वर्षं गेली. लगेच कोविड आला, आणि युगांडाने मार्च २०२० मध्ये बंद केलेल्या शाळा पूर्णपणे उघडल्या त्या जानेवारी २०२२ मध्ये. आपल्याकडे त्या काळात मराठवाड्यात काय झालं ते गावागावातल्या अंगणवाडीताईंना विचारा. वर्ग बंद होते आणि मांडव पडत होते, पन्नास माणसांत, गाजावाजा न करता. शाळेत रोज हजेरी घेतली जाते, म्हणजे कुणीतरी एक मोठं माणूस रोज नाव घेऊन विचारतं की ही मुलगी आज कुठे आहे. हा प्रश्न बंद पडला की मुलगी कुठेही जाऊ शकते. म्हणून उत्तर शाळा बंद करणं हे नाही. हवी तर ती घराच्या ओसरीवर भरवा, लहान गटांत भरवा, वेळ बदला, पण हजेरी चालू ठेवा.

हे सगळं ऐकून शेवटी जो मुद्दा येतो तो शंभर वर्षं जुना आहे: गरिबाला हे परवडत नाही, त्याला पोराच्या हातांची गरज असते. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी मार्च १९११ मध्ये प्राथमिक शिक्षणाचं विधेयक केंद्रीय कायदेमंडळात मांडलं तेव्हा हेच ऐकवलं गेलं. खजिन्यात पैसा नाही, लोकांची तयारी नाही, मुलं शेतावर लागतात. विधेयक फारच नेमस्त होतं, सक्तीही सगळीकडे एकदम नव्हती. तरी मार्च १९१२ मध्ये ते १३ विरुद्ध ३८ मतांनी पडलं, आणि विरोधात मत देणाऱ्यांत आपलेही जमीनदार होते. त्यांच्यातल्या कुणाच्याही मुलाला शेतावर जावं लागत नव्हतं. आता सयाजीराव गायकवाडांचं बडोदं पाहा. १८९३ मध्ये अमरेली भागात त्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू केला. १८९९-१९०० चा छप्पनिया दुष्काळ आला, गुजरातेत माणसं आणि जनावरं रस्त्यावर मेली, बडोदं संस्थान पिचून गेलं. "आधी पोट"वाल्यांच्या हिशेबाने हा प्रयोग तिथेच थांबायला हवा होता. सयाजीरावांनी १९०६ मध्ये तो सगळ्या संस्थानाला लागू केला. १९१७ मध्ये, महायुद्धाच्या महागाईत, शाहू महाराजांनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. ब्रिटिश साम्राज्याच्या खजिन्यात जे बसत नव्हतं ते एका छोट्या संस्थानाच्या खजिन्यात कसं बसलं? पैसा हे कारण फार वेळा पैशाचं नसतं.

आणि पालकांना शिक्षणाची किंमत नाही, हे तर मला मुळीच मान्य नाही. काबूलमध्ये सप्टेंबर २०२१ पासून सहावीच्या पुढे मुलींना शाळा नाही. तरी घराघरांत पडदे ओढून वर्ग चालतात, त्यात जाणाऱ्या मुलींच्या आया किती धोका पत्करत असतील? लोकांना शाळा नको असते हे फार तर शाळा न देणाऱ्यांचं समाधान आहे.

पूर, युद्ध, साथ ही सांगून येत नाहीत, असं म्हणून आपण सुटू शकतो. पण आपल्या राज्यात तारीख ठरवून येणारं एक संकट आहे. दसरा-दिवाळीच्या सुमाराला बीड, धाराशिव, जालन्याकडून ऊसतोडणीच्या टोळ्या निघतात आणि पाडव्याच्या आगेमागे परततात. शाळेच्या दुसऱ्या सत्राचा बहुतेक भाग या दोन तारखांच्या मध्ये येतो. उसाच्या फडाशेजारी कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, पडतात, पहाटे आईबाप फडात जातात, आणि आठ-नऊ वर्षांची पोरगी धाकट्याला काखेला मारून पाणी भरते. शिक्षणहक्क कायदा म्हणतो की या मुलीला कुठल्याही गावच्या शाळेत, तिच्या वयाच्या वर्गात, दाखला हातात नसला तरी बसवलं पाहिजे. गावाकडे थांबणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची योजनाही आहे. म्हणजे कायदा आहे, योजना आहे, तारीखसुद्धा माहीत आहे. वसतिगृह मात्र कितीतरी ठिकाणी टोळ्या निघून गेल्यावर मंजूर होतं. तेव्हा मूल फडावर पोचलेलं असतं आणि त्याच्यासाठी बैलगाडी परत फिरत नाही. मंजुरी गणपतीच्या आधी मिळाली तर यातली किती मुलं थांबतील, हे गावातला कुठलाही गुरुजी नावानिशी सांगेल.

कुठल्या गावातून किती कोयते, म्हणजे ऊस तोडणाऱ्या नवरा-बायकोच्या जोड्या, निघणार, प्रत्येक कोयत्यामागे किती उचल (आगाऊ रक्कम) दिली आणि किती फिटायची राहिली, हे मुकादमाच्या वहीत पै-पैशासकट लिहिलेलं असतं, तेही पावसाळ्यातच. त्याच कोयत्यांबरोबर किती मुलं निघणार, ही वही त्याच महिन्यात ग्रामपंचायतीने आणि शाळेने मिळून लिहायची आहे. आमच्याकडचे ते चार खोके पुढच्या खेपेला गेले. त्यातली एक वही मी मागून घेतली आणि आमच्या मदत गटाच्या यादीचं पहिलं पान तिच्यात लिहून ठेवलं: गहू, तांदूळ, डाळ, तेल, पाटी, पुस्तकं, आणि गावातल्या मुलांची हजेरी.